घर तापतं किती, ते करारात लिहा

सॅम्पल फ्लॅटमधला एसी कधी बंद नसतो. वाकड असो, कल्याण असो की नाशिकचा गंगापूर रोड. एप्रिलच्या भर दुपारी साइट ऑफिसातून निघून त्या नमुन्याच्या घरात पाऊल टाकलं की गार झुळूक अंगावर येते. फॉल्स सीलिंगमध्ये मंद दिवे, खिडक्यांना जाड पडदे, पलंगावर पांढरीशुभ्र चादर. सेल्सचा मुलगा भराभर आकडे सांगत जातो: कार्पेट एरिया इतका, फ्लोअर राइज इतका, पार्किंगचे इतके, स्टॅम्प ड्युटी वेगळी. घर घेणारं कुटुंबही तयारीनं आलेलं असतं. पाणी महापालिकेचं की टँकरचं? मुख्य दार कुठल्या दिशेला? लिफ्टला बॅकअप आहे का? पझेशन नक्की कधी? पश्चिमेची भिंत कशाची बांधली आहे आणि हा एसी बंद केला तर मे महिन्यात रात्री अकरा वाजता ही खोली किती तापलेली असेल, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारलं तरी समोरच्याकडे त्याचा आकडा तयार नसतो.

एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिज यांच्यावर ताऱ्यांचं लेबल २०१० पासून सक्तीचं आहे. पंधरा वर्षं वापरून भंगारात जाणारी वस्तू वर्षाला किती युनिट खाईल, हे दुकानातच कळतं. पण ज्या घरात ती वस्तू ठेवायची, ज्याच्यासाठी वीस वर्षांचं कर्ज काढायचं आणि जे पन्नास-साठ वर्षं उभं राहणार, त्याच्या दारावर असं काहीच नसतं. पाच ताऱ्यांचा एसी घ्यायचा आणि तो रात्रभर तापलेल्या भिंतीशी झुंजत ठेवायचा, असं आपलं चाललं आहे. भिंत किती उष्णता आत सोडते हे मोजायची रीत देशाच्या नियमांत आहे, मर्यादाही ठरलेली आहे. घर घेणाऱ्यापर्यंत ती पोचलेली नाही, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म तिथेच आहे.

कायद्याची वाट

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याच्या अंमलबजावणीसाठी मार्च २००२ मध्ये ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी ही केंद्रीय संस्था उभी राहिली. आपण तिला बीईई म्हणतो. एसीच्या लेबलवर तिचंच नाव असतं. महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या महाऊर्जाकडे आहे. इमारतींसाठीची पहिली संहिता मे २००७ मध्ये आली, तीही फक्त मोठ्या व्यापारी इमारतींसाठी: कार्यालयं, मॉल, हॉटेलं, रुग्णालयं. पुढे ज्यांचा जोडभार १०० किलोवॅट किंवा करारातली मागणी १२० केव्हीए आहे त्या सगळ्या इमारती तिच्या कक्षेत आल्या. २०१७ च्या सुधारित संहितेनं तीन पायऱ्या आखल्या. पहिलीवर नेहमीच्या इमारतीपेक्षा साधारण २५ टक्के, दुसरीवर ३५ टक्के आणि तिसरीवर ५० टक्के बचत अपेक्षित धरली.

घरांची पाळी आली १४ डिसेंबर २०१८ ला, राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी. ‘इको-निवास संहिता’ हे तिचं नाव. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारतींसाठी ती लिहिली गेली, आणि तिच्या पहिल्या भागात एसी, दिवे, पंप यांच्यासाठी काहीच नव्हतं. भिंती, खिडक्या आणि छप्पर एवढ्यापुरतीच ती होती, आणि ते योग्यच होतं. दिवा उद्या बदलता येतो, पंप पाच वर्षांनी बदलता येतो. भिंत एकदा उभी राहिली की राहिली. २०२२ च्या दुरुस्तीनं निवासी इमारतींनाही कायद्याच्या कक्षेत आणायची वाट मोकळी केली. ती दुरुस्ती १ जानेवारी २०२३ पासून लागू आहे, आणि २०२४ मध्ये व्यापारी व निवासी दोन्ही संहितांच्या नव्या आवृत्त्या आल्या.

अडचण पुढच्या टप्प्यावर आहे. संहिता दिल्लीत लिहिली जाते, पण बांधकामाचा नकाशा मंजूर होतो महापालिकेत. मधे राज्य सरकार आहे. राज्यानं आपल्या हवामानाप्रमाणे संहिता बसवून घ्यायची, अधिसूचित करायची. मग ती स्थानिक बांधकाम नियमावलीत उतरायची. मग वास्तुविशारदानं आकडेमोड जोडायची, कोणीतरी ती तपासायची आणि बांधकाम चालू असताना प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघायची. साखळीतली एक कडी सुटली तरी संहिता कागदावर उरते. सामासिक अंतर, जिन्याची रुंदी, आगीची सोय, पार्किंगच्या जागा यांची तपासणी आपल्या यंत्रणेच्या अंगवळणी पडली आहे. भिंतीच्या आत काय भरलं आहे, हे बघायची सवय तिला अजून लागायची आहे.

पंधराचा आकडा

इको-निवास संहितेचा गाभा एका आकड्यात आहे. घराच्या बाहेरच्या भिंती आणि खिडक्या मिळून, थंडाव्याची गरज असलेल्या महिन्यांत, दर चौरस मीटरमागे सरासरी किती वॅट उष्णता आत येऊ देतात, तो हा आकडा. संहितेत त्याला आरईटीव्ही म्हणतात. मर्यादा आहे १५. देशाचे हवामानाचे पाच पट्टे आहेत. त्यातला थंड प्रदेशाचा पट्टा सोडला तर बाकी चारही पट्ट्यांना हीच मर्यादा. मुंबई-कोकण-गोवा उष्ण-दमट पट्ट्यात येतात, सोलापूर उष्ण-कोरड्या आणि नागपूर संमिश्र.

हे गणित अवघड नाही. मुंबईतली एक इमारत घेऊ आणि संहितेनं उष्ण-दमट हवेसाठी दिलेले गुणांक वापरू: भिंतीसाठी ५.१५, काचेतून झिरपणाऱ्या उष्णतेसाठी १.३१ आणि काचेतून थेट येणाऱ्या उन्हासाठी ६५.२१. बाहेरच्या आवरणात ८० टक्के भिंत आणि २० टक्के खिडकी धरू. काच साधी, पारदर्शक, एकपदरी. दिशेचा गुणक सोपेपणासाठी सगळीकडे १ धरू.

आता भिंत. गेल्या काही वर्षांत उंच इमारतींत मिवानचं, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यांचं, काम सर्रास झालं आहे. भिंत आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटमध्ये ओतायचे; आठवड्या-दहा दिवसांत मजला वर चढतो, प्लॅस्टरही फारसं लागत नाही. बिल्डरला वेग मिळतो, भिंत सरळ आणि मजबूत होते. पण १५०-१६० मिलिमीटरच्या या काँक्रीटच्या भिंतीचं यू-मूल्य साडेतीनच्या वर जातं. म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरमधून साडेतीन वॅटहून जास्त उष्णता आत शिरते. नऊ इंची विटांच्या भिंतीचं हेच मूल्य दोनच्या आसपास असतं आणि २०० मिलिमीटरच्या हलक्या एएसी ब्लॉकचं, ज्यांना साइटवर सरसकट सिपोरेक्स म्हणतात, पाऊण ते एक.

मांडून बघू. काँक्रीटची भिंत, यू-मूल्य ३.६: भिंतीतून १४.८, काचेतून झिरपणारी १.५, थेट उन्हाची १०.४. बेरीज २६.७. मर्यादा १५. नऊ इंची वीट घेतली तर बेरीज २० च्या आसपास. सिपोरेक्स घेतला तर १५.२, म्हणजे एवढी चांगली भिंत बांधूनही इमारत केसभरानं नापास! कारण आता सगळं ऊन खिडकीतून येतं आहे. त्या खिडकीवर नीटसा छज्जा काढला आणि काचेतून येणाऱ्या उन्हाचा वाटा ०.८ वरून ०.५५ वर आणला, तर बेरीज १२ वर उतरते. काँक्रीटच्या भिंतीला तोच छज्जा लावला तर ती साडेतेवीसवर थांबते, पास होत नाही.

मर्यादा पाळायची तर भिंत आणि सावली दोन्ही लागतात, हे या पाच बेरजांतून दिसतं. आणि आपल्या नव्या इमारतींत नेमक्या याच दोन गोष्टी गेल्या आहेत. भिंतीची जागा काँक्रीटनं घेतली. छज्जा एलिव्हेशनमध्ये बसत नाही म्हणून कापला गेला.

याचा अर्थ घरात बसलेल्याला कसा कळेल? दोन बाजू उघड्या असलेल्या फ्लॅटचं बाहेरचं आवरण ४० चौरस मीटर धरा. २६.७ च्या आकड्याचा अर्थ असा, की उन्हाळाभर, रात्रंदिवस सरासरी धरून, त्या घरात हजार वॅटहून थोडी मोठी इस्त्री चालू ठेवलेली आहे. १२ च्या आकड्याला तीच साधारण ४८० वॅटवर येते. उरलेली जवळजवळ सहाशे वॅट उष्णता काढायला एसी जी वीज खातो, तिचं बिल घर घेणारा भरतो. ज्यानं भिंत निवडली तो नाही.

ज्यांच्याकडे एसीच नाही, ते बिलाऐवजी झोप गमावतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्याप्रमाणे तेव्हा देशातल्या जेमतेम ८ टक्के घरांत एसी होता. त्याच आराखड्यानं २०३७-३८ पर्यंत देशाची एकूण शीतकरणाची गरज २०१७-१८ च्या सुमारे आठपट आणि इमारतींची त्याहूनही जास्त वाढेल असा अंदाज मांडला. वीज बनवताना आपल्याकडे युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मुंबई महापालिकेच्या मार्च २०२२ च्या हवामान कृती आराखड्यात शहराचं २०१९ चं उत्सर्जन सुमारे २.३४ कोटी टन दिलं आहे, आणि त्यातला ७२ टक्के वाटा वाहनं आणि कचरा सोडून उरणाऱ्या, मुख्यतः इमारतींमधल्या, ऊर्जावापराचा आहे.

गच्चीखालचं घर

वरच्या मजल्यावरच्या घराला हवा जास्त, उजेड जास्त आणि ताप सगळ्यांत जास्त. सूर्य डोक्यावर असताना भिंतींपेक्षा गच्चीवर जास्त ऊन पडतं. नुसत्या १५० मिलिमीटरच्या स्लॅबचं यू-मूल्य तीनच्या वर असतं. त्यावर ब्रिकबॅट कोबा टाकला की ते खाली येतं, पण संहितेच्या १.२ च्या मर्यादेत बसायला तेवढं पुरत नाही. २५ मिलिमीटर जाडीचं चांगल्या प्रतीचं इन्सुलेशन घातलं तर हिशेब एकच्या खाली येतो. ५० मिलिमीटर घातलं तर निम्म्यावर. बोटभर जाडीचा हा थर वॉटरप्रूफिंगबरोबर घातला तर वेगळं काम निघत नाही. नंतर घालायचा तर सगळी गच्ची उकरावी लागते.

जुन्या इमारतींनाही उपाय आहे. चायना मोझॅकचे पांढरे तुकडे किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग गच्चीला दिला की स्लॅब मुळातच कमी तापतो. अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांच्या छपरांना पांढरा रंग देण्याची मोहीम त्यात आणली. तेलंगणानं २०२३ मध्ये स्वतंत्र ‘कूल रूफ’ धोरणच जाहीर केलं. विदर्भ, मराठवाडा, सोलापूर इथल्या पत्र्याच्या आणि स्लॅबच्या घरांना हे आज करता येण्याजोगं काम आहे.

घर स्वस्त ठेवायचं तर ते तापणारच, हे लोकांच्या मनात पक्कं बसलं आहे, पण ते खरं नाही. राजकोटला प्रधानमंत्री आवास योजनेत बांधलेल्या ‘स्मार्ट घर-३’ या वसाहतीत १,१७६ घरं आहेत, सगळी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. भारत-स्वित्झर्लंड सहकार्य प्रकल्पातल्या तज्ज्ञांनी तिच्या आराखड्यात हात घातला. हलक्या ब्लॉकच्या भिंती, इन्सुलेट केलेलं छप्पर, काच कमी केलेल्या खिडक्या आणि दोन घरांमधल्या शाफ्टमधून वारा ओढून घेण्याची सोय, एवढ्यावर एसीशिवाय राहता येईल असं घर आखता येतं, हे तिथे दाखवून दिलं गेलं.

उलट उदाहरणही आपल्याजवळच आहे. मुंबईच्या एम-पूर्व विभागातल्या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या चिकटून उभ्या राहिल्या, की खालच्या मजल्यांवर ना ऊन पोचत, ना वारा. तिथल्या क्षयरोगाचा आणि कोंडलेल्या हवेचा संबंध डॉक्टरांनी आणि अभियंत्यांनी मिळून अभ्यासला. हवा-उजेडाचा नियम म्हणजे वीजबचतीचं कलम एवढाच अर्थ नाही. तो तिथे राहणाऱ्याच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे.

प्रमाणपत्र कशाचं?

इतकं वाचल्यावर वाचक म्हणेल, आमच्या प्रकल्पाला तर ‘ग्रीन’ प्रमाणपत्र आहे. असेलही. आपल्याकडे प्रमाणपत्रं पुष्कळ आहेत. हैदराबादचं सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर २००४ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते सुरू झालं आणि अमेरिकेतल्या लीड पद्धतीचं सर्वोच्च, प्लॅटिनम, मानांकन अमेरिकेबाहेर पहिल्यांदा त्या वास्तूला मिळालं. तिथूनच चालणाऱ्या इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची, म्हणजे आयजीबीसीची, स्वतःची मानांकनं आहेत. टेरी ही संशोधन संस्था आणि केंद्रीय नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी मिळून ‘गृह’ ही देशी पद्धत आणली. या सगळ्यांनी चांगलं काम केलं आहे. पाणी, कचरा, झाडं, मजुरांची सुरक्षितता यांचा विचार बांधकामाच्या टेबलावर आणला आहे.

पण खरेदीदारानं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. नव्या इमारतीला मिळणारं मानांकन बहुतेक वेळा आराखडा, संगणकावरचं अनुकरण आणि बांधकामाची कागदपत्रं यांवर ठरतं. तेव्हा इमारतीत कोणी राहायला आलेलं नसतं. गुण अनेक खात्यांत विभागलेले असतात, त्यामुळे एका खात्यात कमी पडलेलं दुसऱ्यात भरून काढता येतं. मानांकन चांगलं असूनही पश्चिमेची खोली तापू शकते.

यात पैशाचाही भाग आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या, मुंबई आणि काही क्षेत्रं वगळून राज्यभर लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत हरित इमारतींना मूळ चटईक्षेत्र निर्देशांकावर (एफएसआय) ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव एफएसआय मिळतो. गृहचे तीन, चार की पाच तारे, त्यावर तो ठरतो. प्रोत्साहन असायला माझी हरकत नाही. पण बक्षीस इमारत उभी राहतानाच हातात पडतं आणि वीजबिल पुढची पन्नास वर्षं येत राहतं. बक्षीस घेणारा एक, बिल भरणारा दुसरा. या दोघांना बांधून ठेवणारा कागद हवा.

बीईईनं २००९ मध्ये कार्यालयांसाठी तारांकन सुरू केलं, ते याच कारणानं मला महत्त्वाचं वाटतं. त्यात आराखडा बघत नाहीत, वीजबिल बघतात. वर्षभरात वापरलेले युनिट भागिले क्षेत्रफळ, एवढंच गणित. मुंबईतल्या ५,००० चौरस मीटरच्या वातानुकूलित कार्यालयानं वर्षाला सहा लाख युनिट वापरले तर आकडा येतो १२०. उष्ण-दमट हवेसाठीच्या मूळ कोष्टकात १०० ते १२५ ला चार तारे आणि १०० च्या खाली पाच. हिशेब कोणालाही पडताळता येतो. निवासी इमारतींसाठीचं लेबल नंतर आलं. दोन्ही ऐच्छिक आहेत, म्हणून ज्याला चांगले गुण मिळायची खात्री असते तोच परीक्षेला बसतो.

बाहेरच्या देशांनी काय केलं

युरोपीय संघानं २००२ च्या निर्देशातच ठरवलं, की इमारत बांधताना, विकताना किंवा भाड्यानं देताना ऊर्जा प्रमाणपत्र दाखवलंच पाहिजे. ब्रिटनमध्ये २००७ पासून ही पद्धत आहे. लंडनला किंवा लेस्टरला शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या मुलांना भाड्याच्या घराच्या जाहिरातीत ए ते जी यांपैकी एक अक्षर दिसतं, ते हेच. इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २०१८ पासून एफ आणि जी दर्जाचं घर, काही अपवाद वगळता, नव्यानं भाड्यानं देता येत नाही. प्रमाणपत्राला असे दात असले की घरमालक आपणहून खिडक्या बदलतो. त्या अक्षराचीही एक मर्यादा आहे: ते हिशेबावर ठरतं, मीटरवर नाही. म्हणून तिथे सार्वजनिक इमारतींसाठी प्रत्यक्ष वापरावर आधारलेलं दुसरं प्रमाणपत्र आहे, आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं लावावं लागतं.

ऑस्ट्रेलियाची नेबर्स पद्धत १९९८ पासून चालू आहे. बारा महिन्यांची खरी बिलं तपासल्याशिवाय ती तारे देत नाही. २०१० पासून मोठी कार्यालयं विकताना किंवा भाड्यानं देताना हे तारे जाहीर करणं कायद्यानं सक्तीचं झालं. बांधकामाआधीच ‘इतके तारे मिळवून दाखवू’ असा करार करायची सोय तिथे आहे. इमारत भरली, वर्ष उलटलं, की मीटर सांगतो शब्द पाळला की नाही. न्यूयॉर्कमध्ये मोठ्या इमारतींना २०२० पासून प्रवेशद्वारावर अक्षर लावावं लागतं. ८५ किंवा जास्त गुणांना ए, ५५ च्या खाली डी. २०१९ च्या स्थानिक कायद्यानं मोठ्या इमारतींच्या उत्सर्जनावर २०२४ पासून मर्यादा घातली आणि ती ओलांडल्यास टनामागे २६८ डॉलर दंड ठेवला.

या सगळ्या ठिकाणी आकडा फायलीत राहिला नाही. घर घेणाऱ्यापुढे, भाडेकरूपुढे, रस्त्यावरून जाणाऱ्यापुढे आला. तेवढ्यानं बाजाराची भाषा बदलायला लागली.

दोन आकडे

मग आपण केवळ मीटरवर भिस्त ठेवायची का? घरांच्या बाबतीत नाही. ज्या घरात पंख्याशिवाय काही नाही आणि माणसं घामानं भिजून झोपतात, त्या घराचा वीजवापर सगळ्यांत कमी भरेल. मीटर त्यांचा त्रास मोजत नाही. परदेशी असलेल्या मुलाचा बंद फ्लॅट तर कागदोपत्री आदर्श ठरेल. म्हणून घराला दोन आकडे हवेत. पहिला भिंतीचा आणि गच्चीचा: आरईटीव्ही किती आणि छपराचं यू-मूल्य किती. तो विक्रीकरारात, कार्पेट एरियाच्या खालच्या ओळीत असावा. दुसरा मीटरचा: लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे, सांडपाणी शुद्धीकरण (एसटीपी) यांचा सामाईक वीजवापर, ताबा दिल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण वर्षाचा. तो सोसायटीच्या नोटीस बोर्डावर आणि पालिकेकडे जावा. कार्यालयं, मॉल, हॉटेलं यांच्यासाठी संपूर्ण इमारतीचा वर्षाचा आकडा दारावर असावा.

अशक्य काहीच नाही. गृहप्रकल्पांवरचा रेरा कायदा १ मे २०१७ ला पूर्णपणे लागू होण्याआधी बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप, सेलेबल अशा नावांखाली लोक किती जागेचे पैसे देत आहेत हे त्यांनाच कळत नव्हतं. कायद्यानं एका व्याख्येचा कार्पेट एरिया करारात आणला. आज बारावी झालेला मुलगाही साइट ऑफिसात पहिल्यांदा ‘रेरा कार्पेट किती?’ असं विचारतो. ऑगस्ट २०२३ पासून महारेरानं प्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड सक्तीचा केला. त्या कोडच्या मागे उष्णतेचा आकडा ठेवायला कितीसा वेळ लागेल? हिशेब करायचं संगणकी साधन बीईईनं खुलं ठेवलेलंच आहे.

सोसायटीच्या हातातली चावी

सरकार करील तेव्हा करील. पण महाराष्ट्रात एक असा गट आहे, ज्याला कोणाची वाट बघायची गरज नाही: पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्या. मुलुंड, बोरिवली, चेंबूर, कोथरूड, ठाणे इथे पन्नास वर्षांपूर्वीच्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालच्या मार्गदर्शक सूचना, २००९ च्या आणि नंतर जुलै २०१९ मध्ये सुधारलेल्या, सोसायटीला प्रकल्प सल्लागार नेमायचा, निविदा काढायची आणि विशेष सर्वसाधारण सभेत विकासक निवडायचा अधिकार देतात. इथे राहणारा माणूसच बांधकामाच्या अटी लिहितो. बाकी कुठल्याही घरखरेदीत ही संधी मिळत नाही.

आज या सभांमध्ये भांडण कशावर होतं? जादा कार्पेट किती टक्के, कॉर्पस किती, भाडं किती, मार्बल की व्हिट्रिफाइड. हे सगळं मागावंच. त्याबरोबर निविदेत आणखी चार-पाच ओळी टाकाव्यात. इमारतीचा आरईटीव्ही १५ च्या आत आणि हिशेबाची प्रत वास्तुविशारदाच्या सहीनिशी. गच्चीचं यू-मूल्य १.२ च्या आत. काँक्रीटचीच भिंत येणार असेल तर तिला बाहेरून किंवा आतून इन्सुलेशन. प्रत्येक उघड्या खिडकीवर सावली. इन्सुलेशन झाकण्याआधी जाडी मोजून काढलेले फोटो आणि मालाचं चाचणी प्रमाणपत्र.

आणि खिडक्यांची एक ओळ खास मुंबई-कोकणासाठी. उष्ण-दमट हवेत उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र कार्पेटच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश, असावं असं संहिता सांगते. ४५ चौरस मीटरच्या घराला साडेसात चौरस मीटर. स्लाइडिंगच्या दोन पल्ल्यांपैकी एकच उघडतो, त्यामुळे तिचं निम्मंच क्षेत्र धरलं जातं. साडेसात मिळवायला पंधरा चौरस मीटर खिडकी लावावी लागेल. तेच काम बाहेर उघडणाऱ्या झडपांच्या साडेआठ चौरस मीटर खिडक्यांत होतं, आणि काच कमी म्हणून ऊनही कमी येतं. वारा कुठल्या बाजूनं येतो हे त्या जागेवर चाळीस वर्षं राहिलेल्या सभासदांना नकाशाकारापेक्षा चांगलं माहीत असतं. ते ज्ञान नकाशा मंजूर होण्याआधी बोलून दाखवावं.

विकासक म्हणेल, खर्च वाढतो. थोडा वाढेलही, हलक्या ब्लॉकमुळे इमारतीचं वजन घटतं, त्यातून काही भरूनही निघेल. पण खरी तुलना वाढीव खर्चाची आणि पुढच्या पन्नास उन्हाळ्यांच्या बिलांची करायची आहे. महावितरणच्या दरपत्रकात महिन्याला १०० युनिटनंतर एक पायरी चढते आणि ३०० नंतर दुसरी. रोज रात्री चालणारा एसी मध्यमवर्गीय घराला एप्रिल-मेमध्ये या पायऱ्या चढायला लावतो. चांगल्या भिंतीच्या घरात तोच एसी उशिरा लावला जातो, लवकर बंद होतो, काही महिने लावावाच लागत नाही.

आज ज्या इमारतींचे पाये खणले जात आहेत त्या २०७५ मध्येही उभ्या असतील, आणि तेव्हाचे उन्हाळे आजच्यापेक्षा सौम्य असतील असं कोणीच हवामानतज्ज्ञ सांगत नाही. नियम लिहून झालेले आहेत, गणित माहीत आहे, माल बाजारात मिळतो. उरला आहे तो आकडा मागण्याचा आग्रह. सोसायटीच्या पुढच्या विशेष सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय लिहून द्या. ठराव मांडायला एक सभासद लागतो आणि अनुमोदन द्यायला दुसरा.